कुत्र्याला धनी आहे, घाणीला नाही

वाचकहो, खेड्यात कुत्रे पाळणे म्हणजे नेमके काय, असा प्रश्न कोणी केला तर आपण हसू. एक पिल्लू दारात येऊन बसते, घरची पोरं त्याला मोत्या नाहीतर वाघ्या म्हणू लागतात, उरलेली भाकर त्याच्यापुढे पडते, रात्री ते भुंकते. झाले, कुत्रे पाळले! ना पट्टा, ना साखळी, ना लसीचा कागद. कोणी कौतुक केले की घरधनी छाती फुगवून सांगतो, ‘‘आपला वाघ्या हाये, परका मानूस दारात उभा राहू देत नाही.’’ आणि याच वाघ्याने शेजारणीच्या सारवलेल्या अंगणात घाण केली, वाळत घातलेल्या सांडग्यांवर पाय वर केला किंवा कोणाच्या लेकराची पोटरी धरली, की त्याच घरातून उत्तर येते, ‘‘आमचं नाही बाप्पा ते! येऊन बसते. पोरं पोळी टाकतात म्हणून काय आमचं झालं?’’

राखणीला कुत्रे आपले आणि घाणीला गावाचे, हा व्यवहार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो आता बंद झाला पाहिजे, एवढे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. विषय नाक मुरडावे असा आहे खरा. पण ज्या घाणीतून आपली लेकरे अंगणवाडीत जातात तिच्याबद्दल गावकऱ्यांच्या पानावर लिहायचे नाही, तर कोठे लिहायचे?

कुत्रे हवेच, पण...

या भागातल्या शेतकऱ्याला कुत्र्याचे मोल शिकवायला नको. तूर-हरभरा उभा असला की रोही आणि रानडुकरे रात्री वावरात उतरतात. जागलीला गेलेल्या माणसाच्या जोडीला कुत्रे असले तर त्याला घटकाभर डोळा लावता येतो. मेंढरं घेऊन रानोरान फिरणाऱ्या धनगराचे तर कुत्र्यावाचून भागतच नाही. कोठ्यातल्या शेळ्या, कोंबड्या, ओट्यावरची मोटरसायकल, सगळ्यांची राखण ते एका भाकरीवर करते. तेव्हा ‘कुत्री मारा’ म्हणणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक नाही. तसे करणे माणुसकीला सोडून आहे आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. तक्रार कुत्र्याविरुद्ध नाही, ती कुत्र्याच्या धन्याविरुद्ध आहे.

नुसते ‘आसेगाव’ म्हटले तर आपल्या जिल्ह्यात ‘कोणते?’ असे विचारावे लागते. एक रिसोड तालुक्यातले आसेगाव पेन, दुसरे मंगरूळपीर तालुक्यातले. या दुसऱ्याच्या नावापुढे वर्तमानपत्रेसुद्धा ‘पो. स्टे.’ जोडतात, कारण तेथे पोलीस स्टेशन आहे. आजूबाजूच्या खेड्यांत भांडण पेटले की शेवटी वाट तिकडेच जाते. अशा भांडणाच्या कागदावर ‘शिवीगाळ’, ‘लोटपाट’ असे शब्द असतात. सुरुवात कशावरून झाली ते त्यावर येतेच असे नाही. खेड्यात राहणाऱ्याला मात्र ठाऊक असते. सकाळी दार उघडले, पायाखाली घाण आली, शेजारणीला हटकले, तिने उलटे उत्तर दिले, मग दोघींचे मालक बाहेर आले, मग धुऱ्याचा जुना वाद निघाला आणि दुपारपर्यंत दोन घरांचे बोलणे बंद. असे तंटे गावातच मिटावेत म्हणून राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. पण तंटा मिटवण्यापेक्षा त्याचे मूळ फावड्याने उचलून टाकणे किती सोपे!

माणसाची हागणदारी गेली, कुत्र्याची राहिली

आपला वऱ्हाड स्वच्छतेच्या बाबतीत अडाणी नाही. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन याच मुलखात फिरले. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडायची, असे ते व्रत होते. त्यांच्याच नावाने राज्य सरकारने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा गावेच्या गावे खराटे घेऊन रस्त्यावर आली. पुढे २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत मिशन सुरू झाले. पात्र कुटुंबाला संडास बांधायला बारा हजार रुपयांचे अनुदान मिळू लागले. पहाटे टमरेल घेऊन निघणाऱ्यांना गाठायला ‘गुड मॉर्निंग पथके’ फिरली. कोणाला गुलाबाचे फूल मिळाले, कोणाला दंड झाला, कोणाची फजिती झाली. एप्रिल २०१८ मध्ये तर सरकारने अवघा महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

कागदावरचे किती आणि खरे किती हा वाद बाजूला ठेवू. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. उघड्यावर बसणे लाजिरवाणे आहे, हे आज गावातल्या लहान पोरालाही कळते. पंचवीस वर्षांपूर्वी हेच सांगणाऱ्याला लोक म्हणत, ‘‘आजापंजापासून चालत आलं, तवा काय झालं?’’ म्हणजे पिढ्यांची सवय बदलू शकते, हे आपणच सिद्ध करून दाखवले आहे.

पण ज्या घरात संडास आला, फरशी आली, त्याच घरचा वाघ्या सकाळी उठून शाळेच्या मैदानावर बसतो, आणि ते पाहून कोणालाच लाज वाटत नाही. कुत्र्याला शरम नसते हे कबूल, धन्याला तरी हवी की नाही?

आता शेणाचे पाहा. गाईने रस्त्यात पो टाकला तर तो उचलायला दोन बाया टोपले घेऊन धावतात. त्याची गवरी होते, सारवण होते, खत होते. त्यात मोल आहे म्हणून त्याला धनी आहे. कुत्र्याच्या घाणीत मोल नाही, म्हणून ती सगळ्या गावाची. ती वाळते, गाडीच्या चाकाखाली भुगा होते, पावसाच्या पाण्याबरोबर वाहत नालीत नि बोअरवेलच्या ओट्यापर्यंत जाते. दिसेनाशी झाली म्हणजे गेली, असे आपण समजतो. तेथेच आपली चूक होते.

नुसती घाण असती तर...

नुसता वास आणि किळस एवढाच प्रश्न असता तर त्यासाठी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. पण या घाणीत डोळ्यांना न दिसणारी पिलावळ असते, तिची ओळख प्रत्येक घराला असली पाहिजे.

पहिला, आकडीसारख्या तोंडाचा अंकुशकृमी. कुत्र्याच्या आतड्यातल्या या जंताची अंडी विष्ठेतून ओल्या, उबदार मातीत पडली की त्यातून बारीक अळ्या निघतात. अनवाणी पाय पडला की त्या कातडीतून आत शिरतात. पायावर नागमोडी, लाल, खाज सुटणारी रेघ उमटते आणि ती रोज थोडी पुढे सरकते. पावसाळ्यात लेकरू पाय खाजवून रक्त काढते आणि आपण म्हणतो, चिखल्या झाल्या. दर वेळी त्या चिखल्याच असतील असे नाही.

दुसरा, गोल जंत. हा कुत्रीच्या पोटातूनच पिल्लांच्या अंगात उतरतो. म्हणजे पोरं ज्या गुबगुबीत पिल्लाला गळ्याशी धरतात, त्याच्याच पोटात हे जंत जास्त असतात. ताज्या घाणीतली अंडी लगेच बाधत नाहीत. मातीत दोन-तीन आठवडे मुरल्यावर ती बाधक होतात आणि मग महिनोन्‌महिने तशीच टिकतात. माती तोंडात घालणाऱ्या, हात न धुता भाकर खाणाऱ्या लेकराच्या पोटात ती गेली की अळ्या काळजात, फुप्फुसात, कधी डोळ्यातही जाऊन बसतात. डोळ्यात गेली तर नजर जाण्याचे भय असते. घाण त्याच दिवशी का उचलावी, याचे उत्तर येथेच आहे.

तिसरा सर्वांत फसवा. हा एक इवलासा पट्टकृमी, पुरता सेंटिमीटरभरही नसतो. कुत्र्याच्या आतड्यात हे शेकड्याने असले तरी कुत्रे ठणठणीत दिसते. याची अंडी घाणीतून गवतावर, पाण्यात आणि कुत्र्याच्या केसांवरही येतात. शेळी-मेंढी, गाय-म्हैस ते गवत खाते आणि तिच्या काळजात नि फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी धरतात. मटणाच्या दुकानात बकरे कापताना अशी गाठ असलेली कलेजी निघाली की ती गिऱ्हाईकाला देत नाहीत. मागे बसलेल्या कुत्र्यांना टाकतात आणि कुत्र्याच्या पोटात नवे जंत तयार होतात. असे हे चक्र चालते. त्यात माणूस सापडला की त्याच्या काळजात, नाहीतर फुप्फुसात तीच गाठ वाढते. डॉक्टर तिला हायडॅटिड म्हणतात. ती इतकी हळू वाढते की कित्येक वर्षे पत्ताच लागत नाही, आणि लागतो तेव्हा बरेचदा ऑपरेशनची वेळ आलेली असते. त्या रोग्याला कोणी सांगितले, की बाबा रे, हे कुत्र्याच्या घाणीतून आले, तर त्याला खरे वाटत नाही.

या चक्राला गिधाडांच्या जाण्याने आणखी जोर आला. पूर्वी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की गिधाडे ते काही वेळात साफ करीत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेला आणि नव्वदीच्या दशकात ती झपाट्याने मेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर आभाळ रिकामे झाले होते. ते मढे आता कुत्री खातात, तेथेच पोसतात, तेथेच वाढतात आणि तेच तोंड घेऊन रात्री आपल्या ओट्यावर येऊन झोपतात.

कुटाराच्या गंजीवर

‘‘आमची लेकरं चपला घालतात,’’ असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या कोठ्याकडे एक नजर टाकावी. सोयाबीनच्या किंवा तुरीच्या कुटाराची गंजी ऊबदार असते. हिवाळ्यात कुत्रे तीवर चढून झोपते आणि आसपासच घाण करते. तेच कुटार गाभण गाईच्या गव्हाणीत जाते. कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणारा निओस्पोरा नावाचा एक सूक्ष्म जीव आहे. तो गाईच्या पोटात गेला तर गाय गाभडते, म्हणजे दिवस भरण्याआधीच वासरू टाकते. जगभरच्या दूध उत्पादकांना याने हैराण केले आहे. हे संकट कुत्र्यामार्फत पसरते, हे शास्त्रज्ञांनी १९९८ साली दाखवून दिले. गाय व्याल्यावर पडलेली वार किंवा गाभडलेले वासरू कुत्र्याने ओढून खाल्ले तर कुत्र्याला लागण होऊन हेही चक्र सुरू राहते.

गाय गाभडली की आपण दृष्ट काढतो, चारा बदलतो, देवाला नारळ कबूल करतो. गाभडण्याची कारणे अनेक असतात, सगळा दोष कुत्र्यावर टाकता येणार नाही. पण गंजीवर ताडपत्री टाकणे आणि वार खोल पुरणे याला कितीसा खर्च येतो? एका वासराच्या आणि एका वेताच्या दुधाच्या मानाने काहीच नाही.

आणि ही घाण कुत्र्यांनाही सोडत नाही. पिल्लांना रक्ताची हगवण लागून दोन दिवसांत ती मरतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बरेचदा तो पार्वो नावाचा विषाणू असतो. विष्ठेतून तो मातीत उतरतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. एका घरचे पिल्लू गेले की त्याच बोळातली दुसरी जातात. यावर लस आहे आणि ती पिल्लू दीड-दोन महिन्यांचे असतानाच सुरू करावी लागते. लस द्यायची कोणी? पुन्हा तोच प्रश्न, पिल्लू कोणाचे?

चावले की धनी गायब

या प्रश्नाचे खरे मोल कुत्रे चावते तेव्हा कळते. रेबीज एकदा अंगात उमटला की त्यावर इलाज नाही, माणूस जातोच. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांकडून येतो. म्हणून चावल्याबरोबर, नुसता ओरखडा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, हळद, चुना, तेल काही लावू नये. मांत्रिकाकडे जाऊ नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून लस सुरू करावी आणि डॉक्टर सांगतील त्या तारखांना शेवटची सुई येईपर्यंत जावे. जखम खोल असेल तर लशीबरोबर जखमेत वेगळे औषध टोचावे लागते, तेही मागून घ्यावे. पोटातली चौदा इंजेक्शने आठवून अजून काही माणसे घाबरतात. ती जुनी लस भारतात बनवणे २००४ च्या अखेरीस बंद झाले. आता सुया थोड्या आहेत आणि त्या दंडात घेतात.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, कुत्रे कोणाचे? लस दिलेले आहे का? कारण चावलेले कुत्रे दहा दिवस नजरेखाली ठेवायचे असते. ते दहा दिवस जिवंत आणि धडधाकट राहिले तर मोठा घोर मिटतो. पण त्यासाठी ते बांधून ठेवणारा धनी लागतो. नेमक्या त्याच वेळी घरधनी म्हणतो, ‘‘ते आमचं नाही.’’ जे घर रोज त्याला भाकर घालते, त्या घराने या एका वाक्याने दुसऱ्याच्या लेकराला दहा दिवसांच्या अंधारात ढकललेले असते.

कायदा या बाबतीत आंधळा नाही. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही पाळीव जनावराचे जंतनाशक, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी असल्याचे लिहिले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले, तेव्हा ‘पाळीव’ आणि ‘भटके’ यावर देशभर वाद झडले. खेड्यात मात्र या दोहोंच्या मधला तिसराच प्रकार जास्त आहे. खातो एका घरचे, झोपतो दुसऱ्याच्या ओट्यावर, हगतो तिसऱ्याच्या दारात, आणि विचारले तर कोणाचाच नाही.

चार सबबी

हे सारे सांगितले की नेहमीच्या चार सबबी पुढे येतात. त्यांचीही वासलात लावू.

‘‘कुत्रं हाये बाप्पा, ते काय संडासात जाईल?’’ संडासात जाणार नाही, पण सांगितलेल्या जागी नक्की जाईल. आपण झोपतो, खातो ती जागा कुत्रे शक्यतो घाण करत नाही, हा त्याचा स्वभाव आहे. म्हणूनच तर ते धन्याचे अंगण सोडून शेजाऱ्याच्या दारात जाते! आपले घर स्वच्छ दिसते ते शेजाऱ्याच्या जिवावर. पिल्लू झोपून उठल्याबरोबर आणि खाल्ल्यानंतर थोड्या वेळात बाहेर जाते. रोज त्याच वेळी दोरी लावून आपल्याच परसातल्या किंवा वावरातल्या ठरलेल्या कोपऱ्यात नेले तर त्याला सवय लागते. एक माणूस, दिवसातून दोनदा, दहा मिनिटे, एवढीच मेहनत आहे.

‘‘बांधलं त राखण कोन करीन?’’ राखण रात्री करायची असते आणि आपल्या वावरात, आपल्या कोठ्यात करायची असते. भर दुपारी शाळेच्या रस्त्यावर सायकलवाल्याच्या मागे धावणे ही कोणाची राखण? मात्र चोवीस तास हातभर साखळीला जखडलेले कुत्रे चिडखोर होते, हेही खरे. बांधणाऱ्याने ते दोन वेळा फिरवले पाहिजे.

‘‘आमचं नाही ते.’’ ज्याच्या घरची भाकर खाते त्याचे ते. तीन घरची खात असेल तर तिघांचे. लशीचा खर्च तिघांनी वाटून घ्यावा, घाण वारीने उचलावी. आणि उचलायची नसेल तर भाकर टाकून आपल्या दारात राखण करून घेऊ नये.

‘‘मुकं जनावर, बांधलं-मारलं त पाप लागीन.’’ भूतदयेची ही भावना चांगली आहे, तिची टिंगल करण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. दत्ताच्या तसबिरीपुढे आपण हात जोडतो, तेव्हा त्याच्या पायाशी चार श्वानही असतात. पण दया भाकरीपाशीच का थांबावी? लस टोचून आणणे, जंताचे औषध देणे ही त्याच दयेची पुढची पायरी आहे. आणि मुक्या जनावराची एवढी कणव असलेली माणसे भाद्रपदानंतर काय करतात? कुत्री गाभण राहते, दोन महिन्यांनी सहा-सात पिल्ले होतात. नर पिल्ले पोरं वाटून घेतात आणि मादी पिल्ले पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या पांदणीत सोडली जातात. ते गावही आपली आपल्या पांदणीत आणून सोडते. हे पाप कोणाच्या खाती मांडायचे?

गावाने काय करावे

सरकार येईल आणि कुत्र्यांचे बघेल, याची वाट पाहण्यात अर्थ नाही. बरेच काही घरातच होण्यासारखे आहे. घाण त्याच दिवशी फावड्याने उचलावी, त्या जागेवर राख टाकावी. विहीर, बोअरवेल, भाजीचा वाफा यांपासून दूर हात-दीड हात खोल खड्डा करून तीत ती पुरावी. उकिरड्यावर टाकू नये, कारण कच्चे शेणखत वावरात गेले की जंतांची अंडीही वावरात जातात. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी एकदा. जंताचे औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळच्या वेळी, विशेषतः पट्टकृमीवरचे. कुत्र्याला हात लावल्यावर लेकरांनी साबणाने हात धुवावेत, कुत्र्याला ताट चाटू देऊ नये. कच्ची कलेजी आणि फुप्फुसे कुत्र्याला कधीही घालू नयेत.

जे एका घराच्याने होत नाही ते ग्रामसभेत आणावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात रस्ता, नाली, घरकुल यांच्या जोडीला हाही विषय एकदा येऊ द्या. एक साधी वही करावी: कोणत्या घराचे कुत्रे, रंग कोणता, लस कधी दिली. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या दिवशी पशुवैद्यकांना गावात बोलावून एकाच वेळी सगळी कुत्री टोचून घ्यावीत. मटणाच्या दुकानदाराला टाकाऊ भागासाठी झाकणाचा खड्डा करायला लावावा. मेलेले ढोर उघड्यावर न टाकता पुरण्यासाठी जागा नेमून द्यावी. शाळा आणि अंगणवाडीच्या आवाराला कुंपण घालावे आणि कुत्र्यांना भाकर टाकायची जागा तेथून लांब ठरवावी. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा आराखडा केंद्र सरकारने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केला आहे. नसबंदीची सोय खेड्यात नाही, तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी ती व्हावी, असा ठराव त्याच आराखड्याचा हवाला देऊन वर पाठवता येईल. एका गावाचा ठराव फाइलीत दबतो, पंचवीस गावांचा दबत नाही.

यात अवघड असे काय आहे? संडास बांधायला बारा हजार मिळाले तरी पदरचे घालावे लागले, जागा शोधावी लागली, म्हाताऱ्याकोताऱ्यांची समजूत घालावी लागली. त्या मानाने एक फावडे, थोडी राख, वर्षाला एक लस आणि हातभर दोरी म्हणजे काहीच नाही. कमी आहे ती एकच गोष्ट: ‘‘हो, हे कुत्रं आमचं हाये,’’ असे चारचौघांत म्हणण्याची तयारी.

तेव्हा सुज्ञ वाचकांना एवढीच विनंती. हे पान वाचून झाले की आपल्या ओट्यावर जे कुत्रे पसरले असेल त्याच्याकडे एकदा पाहा आणि घरातल्यांना विचारा, याला लस कधी दिली होती? उत्तर आले नाही तर उद्याच पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट धरा. आणि जाता जाता शेजाऱ्याच्या दारात काल काय पडले होते, तेही उचलून घ्या. तो तुमच्याशी बोलत नसला तरी उचला. कदाचित त्याच दिवशी बोलू लागेल.